मदत हवी आहे: लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात भावाच्या हातांच्या खुणा दिसत नाहीत

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे, वहिनीही. दोघं सांगलीत असतात, मी नोकरीमुळे बंगळूरला. दर रविवारी रात्री जेवणं उरकली की आमचा व्हिडिओ कॉल, आणि बोलणं सगळं हातांनी, थोड्या दादाच्या शाळेतल्या खुणा, थोड्या आमच्या घरात लहानपणापासून चालत आलेल्या. आधी फोनवर करायचो पण फोन हातात धरला की एक हात गेला, तांदळाच्या डब्याला टेकवला तर मधेच घसरतो, आणि दोघं एकदम मावत नाहीत. म्हणून दिवाळीत त्यांना १५.६ इंची लॅपटॉप घेऊन दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण ४० हजारांच्या वर गेला आणि कॅमेरा ७२०पी.

त्याला मी नीट दिसते, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला १०८०पी आहे. मला तो दिसतो म्हणजे चेहरा दिसतो, हात स्थिर असले तर हातही, पण बोलायला लागला की बोटांचा नुसता पांढुरका पट्टा होतो. गेल्या रविवारी वहिनीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख सांगत होता, १४ की १५ तेच कळेना, अंगठा दुमडलाय की उघडा एवढाच तर फरक, तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर त्याने हात खाली घेतले, मग अगदी सावकाश खूण केली, तू विसरलीस. म्हणजे आपली भाषा विसरलीस. मग व्हॉट्सअॅपवर तारीख लिहून पाठवली आणि कॉल बंद केला. मला ते फार लागलंय. मी विसरले नाहीये हो, मला दिसत नाहीये.

आतापर्यंत केलेलं सांगते, काच पुसायला लावली, नेट फायबरचं आहे आणि स्पीड चांगला येतो, गुगल मीटच्या सेटिंगमध्ये पाठवायचं रिझोल्यूशन ७२०पी केलं, बॅकग्राउंड ब्लर चालू होतं ते बंद केलं (त्यात तर हात अर्धे गायबच व्हायचे), तरी रात्री तेच. दुपारी एकदा करून बघितलं तेव्हा बरंच बरं होतं. वेगळा वेबकॅम घ्यावा का? कुठला? दादाला तो स्वतः लावता आला पाहिजे, दरवेळी शेजारच्या मुलाला बोलवावं लागू नये.

प्रतिसाद:

ताई, दुपारी बरं दिसतं म्हणालात तिथेच उत्तर आहे. नेट कमी पडलं असतं तर चौकोन चौकोन दिसले असते, चित्र अडकलं असतं. हा उजेडाचा मामला आहे. लॅपटॉपचं झाकण जेमतेम काही मिलिमीटर जाड, त्यात बसणारा सेन्सर फोनच्या मागच्या कॅमेऱ्याच्या मानाने फारच लहान. उजेड कमी पडला की कॅमेरा एकेक फ्रेम जास्त वेळ घेऊन टिपतो, सेकंदाला ३० द्यायच्या त्या १५ वर येतात, आणि तेवढ्यात हात चार बोटं सरकलेला असतो, तोच तुमचा पांढुरका पट्टा. नुसतं ७२०पीचं १०८०पी केलं तर हे जाणार नाही. आधी पैसे घालू नका, विंडोजचं कॅमेरा अॅप उघडून कॉल न लावता हात हलवतानाचं रेकॉर्डिंग करायला सांगा, एकदा आहे त्या उजेडात, एकदा समोर लॅम्प ठेवून. ट्यूब कुठे आहे?

धागाकर्ती:

त्यांच्या पाठीमागेच, देव्हाऱ्याच्या वर. हे डोक्यातच आलं नव्हतं.

प्रतिसाद:

मग बसायची जागा फिरवा, ट्यूब समोर आली पाहिजे. माझी बायको कर्णबधिर मुलांना शिकवते, तिचं म्हणणं, अंगात गडद एका रंगाचा साधा शर्ट हवा म्हणजे बोटं उठून दिसतात, चौकड्याचा नको. आणि कंबरेपासून डोक्याच्या वरपर्यंत दिसेल इतकं मागे बसायचं. ऑटो फ्रेमिंग असेल तर ते बंद करा, ते चेहरा मोठा करायच्या नादात हात कापतं.

घ्यायचाच झाला तर लॉजिटेक सी२७० स्वस्त आहे पण ७२०पी आणि दृश्य अरुंद, दोघं शेजारी बसले तर हात बाहेर जातील. सी९२० १०८०पी आहे, दृश्य ७८ डिग्री म्हणजे जास्त रुंद, जरा महाग पडेल पण तुमच्या कामाला तोच. यूएसबी लावला की चालतो, फक्त मीटमध्ये पहिल्यांदा कॅमेरा निवडून द्यावा लागतो. फोनलाच वेबकॅम करायचं ड्रॉइडकॅम नावाचं अॅप आहे, पण दादांना एकट्याने करायचंय म्हणता तर त्या भानगडीत पडू नका.

धागाकर्ती (पुढच्या रविवारी):

सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनीने टेबल फिरवलं, ट्यूब समोर आली, शिवाय भाच्याचा अभ्यासाचा लॅम्प लॅपटॉपच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून ठेवला कारण सरळ डोळ्यावर येत होता. दादा निळ्या शर्टात बसला. अजून फोनइतकं स्वच्छ नाही, भरभर बोलला की बोटांची टोकं पुसट होतात, पण मी एकदाही थांबवलं नाही त्याला. पाऊण तास बोललो. मी त्याला मागचं रेकॉर्डिंग दाखवलं, बघ मला तू असा दिसत होतास म्हणून. दोनदा लावून बघितलं त्याने, मग वहिनीला बोलावून तिलाही दाखवलं.

सी९२० मागवतेय. एकच विचारायचं राहिलं, त्याची वायर दीड मीटर आहे आणि कॅमेरा समोरच्या कपाटावर ठेवायचा म्हटलं तर पुरणार नाही, यूएसबी एक्स्टेंशन कुणी वापरलंय का?