कार्डिफला एमएस्सीची ऑफर आलीय, घरचे म्हणतात लंडनच बघ. काय करू?

जुळेसोलापूरची_पोरगी

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, बीई कॉम्प्युटर इथंच केलं. आता यूकेतल्या वेल्सच्या कार्डिफ युनिव्हर्सिटीची डेटा सायन्स अँड ॲनालिटिक्सच्या एमएस्सीची ऑफर हातात आहे, सप्टेंबर २०२६ ची, आणि लंडनच्या एका ठिकाणचीपण आहे. बाबांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, थोडं लोन थोडं घरचं असं चाललंय. मोठे काका रोज डोकं खालालेत की वेल्स कुठं आलं, कोण ओळखतं, जायचंच तर लंडनला जा. मैत्रीण म्हणते कार्डिफला पोरं रात्र रात्र पार्ट्या करतात, अभ्यास होत नाही. मला खरंच शिकायचंय, पण शहरपण जिवंत पाहिजे, नुसतं खोली ते लायब्ररी करायला एवढ्या लांब नाही जायचं मला. जे तिथं राहिलेत त्यांनी खरं काय ते सांगा ना प्लीज. राहायचं कुठं, अभ्यास कसा असतो, पार्टटाइम मिळतं का, सगळंच.

---

अशोकचौक_ते_कॅथेज

अगं मी सध्या इथंच आहे, दुसऱ्या कोर्सला, पण तुझं डिपार्टमेंट मला माहितीय. तुझे क्लास बहुतेक ॲबॅकस नावाच्या बिल्डिंगमध्ये होतील, २०२१ ला झालीय, कॉम्प्युटर आणि मॅथ्सवाले दोघं तिथंच असतात. ती सेंघेनिड रोडवर आहे, तिथून स्टुडंट्स युनियन, कॅथेजचं छोटं रेल्वे स्टेशन, युनिव्हर्सिटीची जुनी पांढऱ्या दगडाची मेन बिल्डिंग, सगळं चालत दहा मिनिटांच्या आत. आणि हेच कार्डिफचं खरं आहे बघ, इथं सगळं पायाखाली आहे. कॅथेज आणि रोथ या दोन भागांत निम्मी पोरं राहतात, एकाला एक चिकटलेली जुनी घरं, एका घरात पाच-सहा जण, प्रत्येकाला खोली आणि किचन कॉमन. क्लास संपला की घरी येऊन भात टाकून परत लायब्ररीला जाता येतं. लंडनला माझी मैत्रीण आहे, तिचा रोजचा दीड-दोन तास ट्यूबमध्ये जातो आणि पैसा जातो तो वेगळाच.

जिवंतपणाचं म्हणशील तर मॅचचा दिवस बघायला पाहिजेस. फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्सची, म्हणजे सहा देशांची रग्बी स्पर्धा असते आणि प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम पार शहराच्या मधोमध आहे, किल्ल्यापासून चालत पाच मिनिटं, ७४ हजार माणसं बसतात. सकाळपासून लाल जर्सी घातलेली आजी-आजोबा, डोक्याला डॅफोडिलच्या फुलाची पिवळी टोपी घातलेली बारकी पोरं, वेस्टगेट स्ट्रीट बंद, आणि मॅचच्या आधी सगळे एका सुरात गातात ते बाहेर रस्त्यावरपण ऐकू येतं. आपल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानाकडं जशी गर्दी वाहते ना, अगदी तसं. रग्बीचं मला काही कळत नव्हतं तरी अंगावर काटा आला.

पार्ट्या होतात, खोटं कशाला बोलू, सेंट मेरी स्ट्रीटला शुक्रवार-शनिवारी रात्री धिंगाणा असतो. पण कोणी हाताला धरून नेत नाही गं. माझ्या घरातल्या दोघीजणी कधीच जात नाहीत, त्यांना कोणी काही म्हणत नाही. मला तर ब्यूट पार्क आवडतं, किल्ल्याच्या मागं टॅफ नदीच्या कडेनं चालत राहायचं, परीक्षेच्या दिवसांत तिथंच डोकं शांत होतं.

पाट्या सगळ्या दोन भाषांत, वेल्श आणि इंग्लिश. शिकवतात इंग्लिशमध्येच, काळजी करू नको. आपल्या गल्लीत एका दारात तेलुगू, दुसऱ्या दारात कन्नड ऐकत वाढलेल्याला याचं काही वाटत नाही, उलट बरं वाटतं.

---

भवानीपेठ_पुणे

मी कार्डिफलाच एमएस्सी करून आलोय, आता पुण्यात जॉबला. वरच्या ताईंनी शहराचं लिहिलंय, मी अभ्यासाचं सांगतो, कारण इथून जाणाऱ्याला हे कोणीच सांगत नाही.

पूर्ण एमएस्सी १८० क्रेडिटची. त्यातले १२० क्लासचे, ६० डिझर्टेशनचे, म्हणजे शेवटच्या मोठ्या प्रबंधाचे, आणि ते डिझर्टेशन उन्हाळ्यात, बाकी शहर बीचवर असताना. पास ५० ला, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. आपल्याकडं ८५ टक्केवाल्या पोराला पहिल्या असाइनमेंटला ६२ पडले की रडायला येतं, पण तिथं ६२ चांगले आहेत, सर लोक खाली काय कमी पडलं ते लिहून देतात ते नीट वाच, पुढच्या वेळी तेच सुधारून दाखव. आठवड्याचे लेक्चरचे तास खूप कमी वाटतात आणि इथंच पोरं फसतात, मोकळा वेळ आहे असं वाटतं पण तो वाचायचा आणि कोड लिहायचा वेळ असतो. आपल्याकडं परीक्षेच्या आधी पंधरा दिवस बसलं की निघतं, तिथं नाही निघत. कॉपी-पेस्ट अजिबात नको, सगळं टर्निटिन या कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातं.

पार्टटाइम: स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, त्याच्या वर एक तासपण नाही. आणि नीट ऐक, मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा सुट्टी धरत नाहीत, डिझर्टेशन चालू असतं म्हणून तेव्हापण २० च. एजंट लोक सांगतात उन्हाळ्यात फुलटाइम करा, ते बॅचलर्स डिग्रीवाल्या पोरांसाठी, आपल्यासाठी नाही. कोणी रोख देतो, पेस्लिप नाही म्हणाला तर सरळ नाही म्हणायचं, व्हिसा जातो त्यात. मॅचच्या दिवशी स्टेडियममध्ये केटरिंगच्या शिफ्ट निघतात, सिटी रोडला हॉटेलं आहेत, पण त्यावर फी भरायचा हिशोब कोणीच करू नये. हातखर्च निघतो.

आणि कोर्स संपल्यावरचं पण आताच बघ. ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे कोर्सनंतर तिथं राहून काम करायचा, आतापर्यंत दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून जे अप्लाय करतील त्यांना १८ महिनेच. तू २०२७ च्या शेवटाकडं संपवशील म्हणजे तुला १८ महिनेच धरून चालायचंय. लंडन असो की कार्डिफ, हे सारखंच आहे.

---

जुळेसोलापूरची_पोरगी

दादा ते उन्हाळ्याचं मला एजंटनं बरोबर उलटं सांगितलं होतं!! थँक्यू. आणि घर शोधायचं कसं, इथून बसून? पैसे आधी मागतात का? बाबांना तेच टेन्शन आहे.

---

सातरस्ता_बाबा

बेटा, मी पालक आहे, माझा मुलगा वेल्समध्येच शिकलाय. तुझ्या बाबांना हे दाखव.

व्हिसासाठी फीशिवाय राहण्याखाण्याचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनला महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. म्हणजे लंडनला १३,७६१ आणि कार्डिफला १०,५३९. तीन हजार पौंडांच्या वर फरक आहे, आणि हा नुसता कागदावरचा नाही, खर्चातपण तेवढाच जाणवतो. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात पाहिजे, एक दिवसपण कमी झाली तर चालत नाही. कारखान्याच्या करंट अकाउंटवर दाखवू नका, बाबांच्या स्वतःच्या नावावर ठेवा, सोबत तुझा जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र. महापालिकेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग एक आहे का ते आजच बघ, आमच्याकडं त्यातच महिना गेला.

हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यासाठी व्हिसासोबत भरायचे पैसे, वर्षाला ७७६ पौंड, पण एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा वर्षाच्या वर काही महिन्यांचा मिळतो म्हणून दीडपट, १,१६४ पौंड भरावे लागतात. जास्त वाटतं, पण वेल्समध्ये डॉक्टरनं लिहून दिलेली औषधं २००७ पासून सगळ्यांना फुकट आहेत, इंग्लंडमध्ये तसं नाही.

घराचं. वेल्सचा भाड्याचा कायदाच वेगळा आहे आणि तो भाडेकरूच्या बाजूचा आहे. २०१९ पासून एजंटला कागद करायची, रेफरन्सची वगैरे फी मागता येत नाही. खोली अडवून ठेवायला जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं घेऊ शकतात. डिपॉझिट ३० दिवसांच्या आत सरकारमान्य स्कीममध्ये टाकावंच लागतं. मालक रेंट स्मार्ट वेल्सकडं, म्हणजे घरमालकांच्या सरकारी नोंदणीत, रजिस्टर आहे का हे ऑनलाइन मोफत दिसतं, तिथं नाव नसेल तर पैसे पाठवायचेच नाहीत. आमच्याकडं एकानं रेफरन्स फी मागितली होती, मुलानं कायद्याचं नाव घेतल्यावर लगेच माघार घेतली. पहिल्या वर्षी मी तरी युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेललाच अर्ज करायला सांगेन, टॅलिबॉन्टला वगैरे, थोडं महाग पडलं तरी पोरगी पोचली की चावी हातात मिळते. तिथं यूकेतल्या जामीनदाराचीपण गरज पडत नाही, प्रायव्हेट घराला बरेच मालक तो मागतात, नाहीतर कित्येक महिन्यांचं भाडं एकदम.

आणि मोठे काका क्रिकेट बघत असतील तर त्यांना सांग, २०१३ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीची भारत-श्रीलंका सेमीफायनल कार्डिफलाच झाली होती, सोफिया गार्डन्सवर. आपण आठ विकेट्सनी जिंकलो होतो.

---

अशोकचौक_ते_कॅथेज

काकांनी लाखमोलाचं लिहिलंय. मी एवढंच जोडते की कॅथेजची घरं जुनी, ओल येते, म्हणून घर बघताना व्हिडिओ कॉलवर खिडकीच्या कोपऱ्यात आणि बेडच्या मागच्या भिंतीवर काळे डाग आहेत का ते दाखवायला लाव, आणि बिल भाड्यात धरलंय का वेगळं ते लिहून घे. डिसेंबरमध्ये दुपारी चारलाच अंधार पडतो, आपल्या उन्हात वाढलेल्याला ते पहिल्यांदा जड जातं, तेव्हा सकाळी बाहेर पडायची सवय लाव. पाऊस वारा एकदम येतो, छत्री उलटी होते, त्यापेक्षा चांगलं टोपीवालं जॅकेट घे, ते इथं येऊनच घे. शेंगाची चटणी मात्र भरपूर आण, भाकरीचं पीठ आणि मसाले सिटी रोड-अल्बनी रोडला मिळतात पण चटणी तशी कुठंच नाही. ऑफर ॲक्सेप्ट केलीस की मेसेज टाक, सप्टेंबरमध्ये हीथ्रोहून बस पकडलीस की मी स्टॉपवर येते.