मदत हवी आहे : कॉम्प्युटर एक, लॉगिन चार, ऑफिसचं लायसन्स कसं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

औसा तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सोयाबीन-तुरीच्या खरेदीच्या पट्ट्या, ऑडिटची एक्सेल, सभेचे ठराव, सगळं एकाच डेस्कटॉपवर. विंडोज ११ प्रो आहे. माझं, अकाउंटंटचं, गोदामवाल्याचं आणि अध्यक्षांचं अशी चार लॉगिन.

ऑफिस मात्र मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्ड, तेही एकट्या माझ्या नावावर. अकाउंटंटनी एक्सेल उघडलं की साइन इन मागायलंय. सध्या माझा पासवर्ड टाकून भागवायलोत, पण मग सेव्ह करताना त्यांच्यापुढं माझंच वनड्राइव्ह (फाइली ऑनलाइन ठेवायची जागा) येतं. परवा गोदामाच्या वजनपावत्या माझ्या घरच्या फोटोंत निघाल्या राव!

शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन (एकाच कॉम्प्युटरवर अनेकांनी आपापल्या खात्यानं ऑफिस वापरायची सोय) चालू केलं तर एका लायसन्सवर चौघांचं भागेल का? एक दुकानदार आठशे रुपयांत ऑफिसची लाइफटाइम की (ॲक्टिव्हेशनचा कोड) देतो म्हणायलाय. आणि कृतिदेव फॉन्टमधला ठराव माझ्याकडं नीट दिसतो, अध्यक्षांच्या लॉगिनात नुसती इंग्रजी गिचमिड.

प्रतिसाद १

नाही भागणार दादा. ते ॲक्टिव्हेशन स्टँडर्डमध्ये मिळतच नाही, बिझनेस प्रीमियममध्ये आहे. तिथंही प्रत्येक माणसाचं लायसन्स वेगळंच लागतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं लायसन्स माणसं मोजतं. तुमची माणसं चार, मशीन एक, तेव्हा मशीन मोजणारं घ्या : ऑफिस होम अँड बिझनेस २०२४. एकदाच पैसे, आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे. जुनं होम अँड स्टुडंट कुणी स्वस्तात गळ्यात मारलं तर घेऊ नका, ते घरगुती वापरापुरतं. आठशेच्या कीचं नावच काढू नका. तसल्या बहुतेक कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या असतात, कधी बंद पडतील नेम नाही. ऐन खरेदीत पडली म्हणजे?

फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केला असेल, तो तुमच्याच लॉगिनला बसतो. फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून सगळ्या युजरसाठीचा पर्याय निवडा.

प्रतिसाद २

अध्यक्ष नि गोदामवाल्याला लिबरऑफिस (ऑफिससारखंच दुसरं सॉफ्टवेअर) पुरेल. फुकट आहे, ॲडमिनमधून एकदा टाकलं की चारही लॉगिनात दिसतं. सेटिंग मात्र ज्याची त्याची, त्यामुळं एक्सेल फॉरमॅटमध्ये सेव्ह करायचं प्रत्येकाच्या लॉगिनात जाऊन ठरवावं लागेल. ऑडिटरच्या फाइलीत मॅक्रो (एक्सेलमधली आपोआप चालणारी कामं) असतील तर अकाउंटंटला त्यात ढकलू नका.

धागाकर्ता

फॉन्ट बसला, आभार! मॅक्रो आहेत म्हणे अकाउंटंट. होम अँड बिझनेसचं कोटेशन मागवतो.