अनुभव धागा: डोंगरावरची सहल आणि फिलिपिनो जेवण

सुमेधा_के
आज मंडईत अळूची जुडी घेताना मनिलाचे दिवस आठवले, म्हणून लिहितेय. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही तिथे होतो तेव्हा रविवारी उकाड्यातून सुटायला तगायताय या डोंगरावरच्या गावाला जायचो. अंतर जेमतेम साठ किलोमीटर, पण ट्रॅफिक लागला की सकाळ रस्त्यातच. वर पोचलं की गार वारा, खाली ताल सरोवर, त्यात ज्वालामुखीचं बेट आणि त्या बेटाच्या विवरात परत पाणी! कड्यावर ओळीने हॉटेलं, खुर्च्या सगळ्या सरोवराकडे तोंड करून. टेबलाटेबलावर बुलालो, म्हणजे बीफच्या नळीचं सूप, त्यात मक्याची कणसं नि कोबी. आम्ही बीफ खात नाही हे मालकीणबाईंना पाठ झालेलं, त्या न विचारता लाइंग आणून ठेवायच्या. वाळवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात तेल सुटेपर्यंत आटवलेली, भरपूर मिरची, मला तर आपल्या फदफद्याची बहीणच वाटायची. सोबत लसणीचा भात आणि अख्खे तळलेले बारके तविलिस मासे, वर कलमान्सी म्हणजे तिकडचं छोटं लिंबू पिळायचं, काट्यासकट कुडुमकुडुम खायचे. इतकं सुख! तुम्हीही लिहा ना, तिकडचं कुठलंही ठिकाण चालेल.

दर्यावर्दी
आमच्या जहाजावरचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, ताल सरोवराकडच्या बातांगास प्रांतातला. सुट्टीत घरी नेलं, दुसऱ्या दिवशी त्याचं अख्खं खानदान जीपनीत (तिकडची लांबडी जीप) भरून तगायतायला. लांब टेबलावर केळीची पानं, मधोमध भाताचा बांध, दोन्ही बाजूंना भाजलेले मासे, कोळंबी, खारवलेली अंडी, आंबे, सगळे उभ्याने हाताने जेवतात. मी भात कालवून खायला लागलो तशी त्याची आई इतकी खूश, पुढ्यातला भात संपूच देईना. वर बराको कॉफी, एकदम कडक. जहाजावर वर्षानुवर्षं एकत्र काम करतो आपण पण माणूस त्याच्या घरी गेल्यावरच कळतो

प्रणिता_शाकाहारी
व्हेज वाल्यांनी काय करायचं ते पण सांगते 😄 पिनाकबेत दिसायला नुसती भाजी, भोपळा भेंडी वांगं कारलं, पण त्यात बागोओंग म्हणजे कोळंबीची खारवलेली चटणी असते. सिनिगांग या आंबट सूपमध्ये चिंच असते म्हणून आनंद मानू नका, त्यात मासा नाहीतर पोर्क. आधीच सांगायचं बागोओंग नको, पातिस (माशाचा खारट सॉस) नको. मी भाजलेल्या वांग्याचं सॅलड आणि भात खाल्ला आणि मग बुको पाय! शहाळ्याच्या मलईचा, गरमगरम

अश्विन७
व्हिला एस्कुदेरो कुणी नाही गेलं?? नारळाची वाडी आहे, मनिलाहून दिवसभरात होते. धरणाच्या सांडव्याखाली बांबूची टेबलं, चपला काढून घोटाभर वाहत्या पाण्यात बसून जेवायचं. आमचे आजोबा पँट दुमडून बसले ते उठायलाच तयार नाहीत, पाठीमागे धो धो पाणी आणि हातात माशाचा तुकडा

मीनल_आई
विषय थोडा वेगळा पण माझी लेक फिलिपिन्समध्येच दावाओला मेडिकलला आहे, नीट जेवत असेल का हीच काळजी. फोनवर म्हणते सगळं मिळतं

प्रणिता_शाकाहारी
@मीनल_आई ताई काळजी नका करू, तिथे आपली मुलं खूप आहेत, डाळ-तांदूळ मिळतं. आणि शेजारपाजारचे लोक प्रेमळ असतात, खाल्लंस का विचारल्याशिवाय सोडत नाहीत.

मीनल_आई
बरं वाटलं गं वाचून 🙏

दर्यावर्दी
१२ जानेवारी २०२० ला ताल ज्वालामुखी फुटला तेव्हा बोसन माझ्याबरोबर जहाजावरच होता. घरचा फोन लागेना. राख थेट मनिलापर्यंत गेली होती. घरचे सुखरूप निघाले पण गुरं गेली. तो दोन रात्री झोपला नाही, आम्हीही त्याच्याबरोबर जागे. त्यामुळे तिथे जाल तर कड्यावरूनच बघा, बेटावर जायचं नाव काढू नका

सुमेधा_के
वाचून पोटात कालवलं हो. सरोवराकाठच्या लोकांचं सगळं त्या पाण्यावरच, तविलिस तर जगात दुसरीकडे कुठे सापडतच नाही.

गौरी_पी
लाइंगची कृती टाक ना सुमेधाताई!! अळू खाजलं तर?

सुमेधा_के
पानं उन्हात चांगली वाळव, नारळाच्या दुधात आलं लसूण सुकट घालून वर पानं पसर आणि मऊ होईपर्यंत अजिबात ढवळू नकोस, ढवळलं की खाजतं असं त्या हॉटेलच्या मालकीणबाई बजावायच्या. आपण चिंच घालतो, त्या नाही घालत. मंद गॅसवर, घाई नको.

अश्विन७
आम्ही मार्चमध्ये परत जायचं म्हणतोय, तविलिस मिळतील ना?

सुमेधा_के
मार्च-एप्रिल पकडायला बंदी असते रे, अंडी घालायचा काळ. मासा कमी होत चाललाय म्हणून. मेपासून पुढे जा.