मदत हवी आहे: ब्राझीलच्या दोन नोटा, एक माकड, एक पक्षी

नमस्कार मंडळी,

लेक सातवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला 'एक दुर्मिळ प्राणी, एक सर्रास दिसणारा' असा तक्ता करायचाय. लेकीनं माझ्या अल्बममधून ब्राझीलच्या दोन नोटा उचलल्या. २० रेआलच्या पिवळ्या नोटेवर गोल्डन लायन टॅमरिन, म्हणजे सोनेरी आयाळीचं इवलंसं माकड. १ रेआलच्या हिरव्या नोटेवर हमिंगबर्ड घरट्यातल्या पिल्लांना भरवतोय. गंमत म्हणजे माकड धोक्यात, पण त्याची नोट चलनात. पक्षी बागेबागेत, पण त्याची नोट छापणं २००५ सालीच थांबलं.

रकाने भरले: माकड ६०० ग्रॅमच्या आसपास, पक्षी जेमतेम ४. धोक्याचं कारण 'जंगलतोड' लिहिलं, तर लेक म्हणते, "बाबा, जंगल तर दोघांचंही तुटलं ना?" मी निरुत्तर. जाणकारांनी मदत करा.

ता. क. शेजारच्या काकू जास्वंदीवरच्या शिंजिराला हमिंगबर्ड म्हणतात. चालेल का?

प्रतिसाद:
नाही चालणार. :) हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत. शिंजीर बहुतेकदा फांदी धरून मध पितो, हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत.

लेकीचा प्रश्न पक्का आहे. एक रकाना वाढवा: 'मोकळं रान ओलांडतो का?' रिओ राज्यातलं किनाऱ्याकडचं जंगल तोडून कुरणं झाली. टॅमरिन झाडावरून झाडावर जाणारं. मध्ये गुरांचं कुरण आलं की अडकलंच. पक्षी भुर्रकन पलीकडच्या परसातल्या फुलांवर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जंगलात जेमतेम २०० टॅमरिन उरली होती. १९८४पासून प्राणिसंग्रहालयांतली माकडं रानात सोडली, ३,७००पर्यंत मजल गेली, मग पीतज्वराच्या साथीत २,५००वर घसरण. २०२३मध्ये ४,८००च्या आसपास. तिथे महामार्गावर चक्क झाडं लावलेला पूल बांधलाय, प्राण्यांना जंगलातून जंगलात जाता यावं म्हणून.

आणि 'भरवतोय' नव्हे, 'भरवतेय'. दोघांनाही बहुधा दोनच पिल्लं, पण टॅमरिनची जुळी बापाच्या पाठीवर वाढतात. हमिंगबर्डचा नर घरट्याकडे फिरकतही नाही.

धागाकर्ता:
खूप आभार! 'भरवतेय' वाचून बायको खूश. कुरण म्हणून हिरवा घोटीव कागद चिकटवलाय, माकड त्याच्या काठावर. पूल आइस्क्रीमच्या काड्यांचा होतोय. काकूंना शिंजिराचं सांगायचं काम मात्र माझ्यावर आलंय.