जुन्या संगणकाचं बायोस अपडेट करावं का? आपापले अनुभव लिहा

मंडळी, घरी २०१३ सालचा डेस्कटॉप आहे. एच८१ बोर्ड, आय३-४१३० प्रोसेसर. आई त्यावर बचत गटाचे हिशोब ठेवते, त्यामुळे तो बंद पडून चालणार नाही. मामेभाऊ त्याचा जुना आय७-४७९० प्रोसेसर देतोय. दुकानदार म्हणतो, "बोर्डाने तो ओळखायला हवा, आधी बायोस अपडेट करून घ्या." (बायोस म्हणजे संगणक चालू करणारं, बोर्डवरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर.) आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. ज्यांनी हे स्वतः केलंय, किंवा विचार करून टाळलंय, त्यांनी काय झालं ते सविस्तर लिहा. नुसतं "करा" किंवा "करू नका" एवढंच नको.

सोलापूरहून

माझ्या बोर्डाला काहीही झालं नव्हतं. साइटवर नवं व्हर्जन दिसलं म्हणून केलं, आणि अर्ध्यात वीज गेली. घरात इन्व्हर्टर होता, पण तो साध्या मोडवर होता. बॅटरीवर जायला त्याला जो क्षण लागतो तेवढ्यात संगणक बंद. परत चालू केला तर पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. मुलीच्या लहानपणचे सगळे फोटो त्यात होते, माझे हातपायच गळाले. (फोटो हार्ड डिस्कवर असतात, त्यांना काही होत नाही, हे त्या रात्री कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.)

दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर काम केलं. आधी भिंगातून बायोसच्या आठ पायांच्या चिपवरचा नंबर वाचला. काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना ३.३ व्होल्ट दिले की त्या जळू शकतात. मग क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याकडे ठेवून ती बसवली आणि सीएच३४१ए प्रोग्रामरने (चिप वाचायचं-लिहायचं छोटं यंत्र) चिप दोनदा वाचली. दोन्ही फाइली सारख्या निघाल्या तेव्हाच जुनं पुसून नवं लिहिलं. बोर्ड जिवंत झालं. आता नीट यूपीएस असल्याशिवाय मी हात लावत नाही.

पुण्याहून

माझ्याकडे कारण पक्कं होतं. २०१७ चं बी३५० बोर्ड, त्यावर एएमडीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर. २०२२ मध्ये एएमडीने माझ्यासारख्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही रायझन ५००० चालवायची वाट मोकळी केली, तेव्हा नवं बोर्ड न घेता त्यातला ५६०० बसवता येणार होता. जुना प्रोसेसर बोर्डातच ठेवून बायोस बदललं, आणि मगच प्रोसेसर बदलला. हा क्रम उलटा केलात तर काहीच सुरू होणार नाही. माझ्या बोर्डाला थेट शेवटच्या व्हर्जनवर उडी चालत नव्हती, मधलं एक आधी टाकावं लागलं. व्हर्जनखालची बारीक टीप वाचली म्हणून कळलं.

डोंबिवलीहून

लॅपटॉप होता. अपडेट सुरळीत झालं, पण चालू होताना निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) ४८ आकडी की मागितली. बायोस बदललं की टीपीएमच्या, म्हणजे ही की सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपच्या, हिशेबी यंत्रच बदललेलं असतं. की छापून फाइलला लावलेली होती म्हणून निभावलं. अपडेटआधी बिटलॉकर तात्पुरता थांबवा, आणि साटा मोडसकट (डिस्कशी बोलायची पद्धत) बायोसच्या सगळ्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा. अपडेटनंतर त्या बऱ्याचदा मूळपदावर जातात, आणि साटा मोड बदलला की विंडोज सहसा उठत नाही.

कोल्हापूरहून

घड्याळ रोज मागे पडतं म्हणून मलाही बायोस अपडेट सुचवलं होतं. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला, काम झालं.

नाशिकहून

सुरक्षेसाठी अपडेट करावं असं मी ठामपणे म्हणायचो. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली आणि त्यावरचा नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना, ज्या बायोसमधूनही येतात) आला. मी बायोस डाउनलोड करून बसलो होतो, तेवढ्यात इंटेलनेच काही पिढ्यांसाठी "थांबा" म्हणून सांगितलं, कारण संगणक आपोआप रीबूट होत होते. त्यात हॅसवेलही होती, म्हणजे धागाकर्त्याचीच पिढी. मी सुधारित मायक्रोकोडची वाट पाहिली. माझ्या लिनक्समध्ये तो चालू होतानाच लोड होतो, बायोसला हात लावावा लागला नाही.

धागाकर्ता

पुण्याची ती टीप वाचून आधी माझं व्हर्जन बघितलं. विंडोजच्या रन मध्ये एमएसइन्फो३२ टाकल्यावर बायोसची तारीख २०१४ ची निघाली. मग झाकण उघडून बोर्डच्या कोपऱ्यात छापलेली रिव्हिजन (बोर्डची आवृत्ती) वाचली आणि कंपनीच्या साइटवर नेमक्या त्याच रिव्हिजनची प्रोसेसर यादी काढली. ४७९० ज्या व्हर्जनपासून चालतो, त्याच्या पुढचं माझ्याकडे आधीपासूनच होतं! अपडेट केलंच नाही. आय३ ५४ वॅटचा, हा ८४ वॅटचा, म्हणजे जास्त तापणारा, म्हणून पंखा मामेभावाचाच आणला, प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली. काल रात्री आईने मार्चचा हिशोब त्यावरच पूर्ण केला.