मदत हवी आहे: मुंबईत बनलेला पहिला बर्मी बोलपट

पहिला बर्मी बोलपट 'न्ग्वे पे लो मा या' १९३२ मध्ये आपल्या मुंबईत बनला. दिग्दर्शक टोट ची. त्याची रिळं किंवा निदान एखादा फोटो तरी मिळतो का, ते मी शोधतेय. आशा वाटते, कारण १९३४ चा बर्मी मूकपट 'म्या गा नाइंग' इटलीत बोलोन्याला दुरुस्त होऊन पुन्हा पडद्यावर आला.

कुणाचे आजोबा-पणजोबा तेव्हा मुंबईच्या स्टुडिओत किंवा लॅबमध्ये होते का? माळ्यावरच्या ट्रंकेत गोल गोल बर्मी अक्षरांचा डबा, पत्र, पावती असं काही आहे का? असेल तर कृपया इथे कळवा. रीळ मात्र प्रोजेक्टरवर चढवू नका, नायट्रेटची फिल्म झटकन पेट घेते. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात चौकशी कशी करायची, तेही कुणी सांगाल का?