आस्थापना शाखेच्या भरतीविषयक ज्ञानाची चाचणी कशी घ्यावी?

पाचपाखाडीकर (प्रश्न)

नमस्कार. मी ठाणे जिल्ह्यातील एका स्थानिक स्वराज्य संस्थेत आस्थापना विभागाचा कार्यालय अधीक्षक आहे. पुढील सरळसेवा भरतीची जाहिरात निघण्यापूर्वी विभागातील २२ लिपिक व वरिष्ठ लिपिकांना भरतीचे नियम कितपत अवगत आहेत, हे पाहण्यासाठी चाचणी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

पहिला मसुदा मी ५० वस्तुनिष्ठ प्रश्नांचा केला. खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा (३८), मागासवर्गीयांची (४३), दिव्यांगांचे आरक्षण (४ टक्के), लिपिक-टंकलेखकाचा मराठी टंकलेखनाचा वेग (मिनिटाला ३० शब्द), अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. दोन सहकाऱ्यांना तो सोडवायला दिला तेव्हा दोघांनाही ४५ च्या वर गुण पडले. परंतु त्यांच्यापैकी एकाने त्याच आठवड्यात सादर केलेली समांतर आरक्षणाची (प्रत्येक प्रवर्गाच्या आत महिला, दिव्यांग अशांसाठी ठेवलेल्या जागांची) टिप्पणी मला पूर्णपणे दुरुस्त करावी लागली होती.

माझी अस्वस्थता जुनी आहे. पूर्वी मी ज्या कार्यालयात होतो, तेथे खुल्या प्रवर्गाची निवडयादी करताना गुणवत्तेने आधीच वर आलेल्या महिला मोजल्याच गेल्या नाहीत आणि महिलांच्या जागा वेगळ्या काढून पुन्हा भरल्या गेल्या. तक्रार झाली, यादी सुधारली आणि एका मुलीची निवड रद्द झाली. नियुक्तीचे पत्र हाती आल्यावर तिने खासगी नोकरीचा राजीनामा दिला होता. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेले ते पत्र तिने माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, "यात माझी काय चूक होती?" तिची चूक काहीच नव्हती, ती यादी आमच्या टेबलावरून गेली होती.

तर अशी चूक करणारा हात आधीच ओळखता येईल, असे प्रश्न कसे काढावेत? चाचणीत शासन निर्णय जवळ ठेवू द्यावेत का? आणि आलेल्या गुणांचे पुढे काय करावे?

बेलापूरकर

निवृत्तीपूर्वी अनेक वर्षे मी आमच्या कार्यालयाची बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी, हे क्रमाने दाखवणारी नोंदवही) तपासून घेण्यासाठी कोकण भवनात, विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडे नेत असे. तेथून नोंदवही परत येई तेव्हा बहुतेक वेळा एकाच प्रकारची चूक दाखवलेली असे, ती म्हणजे स्वतःच्या गुणवत्तेवर खुल्या जागेवर निवडला गेलेला भटक्या जमाती (क) चा किंवा इतर मागासवर्गाचा उमेदवार त्याच्या प्रवर्गाच्या राखीव बिंदूवर (म्हणजे नोंदवहीतील राखीव क्रमांकावर) दाखवलेला असे. अशा एका नोंदीने त्या प्रवर्गाची एक जागा कागदावर भरलेली दिसते आणि प्रत्यक्षात हिरावली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आर. के. सभरवाल प्रकरणात हे स्पष्ट केले, आणि बिंदुनामावली रिक्त जागांवर नव्हे तर संवर्गातील पदांवर चालते, हेही त्याच निकालाने पक्के केले.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रश्न विचारूच नका. नोंदवहीचे एक पान द्या. बारा-पंधरा नोंदी असाव्यात, त्यांत एक निवृत्ती, एक पदोन्नती, जातवैधता प्रमाणपत्र अवैध ठरल्याने रिक्त झालेली एक जागा आणि वर सांगितलेली चूक असावी. "या पानावर सही कराल का? नसल्यास का?" एवढेच विचारावे. टक्केवारी पाठ असलेला माणूस येथे थांबतो, आणि नोंदवही स्वतः लिहिलेला माणूस पाच मिनिटांत त्या ओळीवर बोट ठेवतो.

वाशीकर (सेवाविषयक प्रकरणे पाहणारा वकील)

अधीक्षक महोदय, आपण सांगितलेला प्रसंग हाच आपला सर्वांत चांगला प्रश्न आहे. तो असा मांडता येईल: खुल्या १० जागांपैकी ३ महिलांसाठी राखीव आहेत, सर्व प्रवर्गांच्या एकत्रित गुणवत्ता यादीत पहिल्या १० जणांत २ महिला असून त्यांपैकी एक इतर मागासवर्गातील आहे, तर आणखी किती महिला घ्याव्या लागतील, त्या कोठून, आणि कोणाच्या जागी? उत्तर आहे एक. गुणवत्तेने आलेल्या दोघी आधी मोजायच्या, त्यानंतर यादीतील पुढची महिला घ्यायची आणि दहांतील सर्वांत कमी गुणांचा पुरुष वगळायचा. आधी गुणवत्तेने यादी, मग मोजणी, ही पद्धत २००७ च्या राजेश कुमार डारिया निकालात आहे; आणि ती पुढची महिला कोणत्याही प्रवर्गातील असू शकते, हे डिसेंबर २०२० च्या सौरव यादव निकालाने निःसंदिग्ध केले आहे. या प्रश्नाला "तीन" असे उत्तर देणारा कर्मचारी उभे (सामाजिक प्रवर्गांचे) आणि समांतर आरक्षण एकच समजतो, हे तुम्हाला लगेच कळेल.

दुसरा प्रश्न जाहिरातीविषयी ठेवा. परीक्षा झाल्यावर वरिष्ठांनी तोंडी सांगितले की, मुलाखतीसाठी किमान गुणांची अट घाला, आणि सेवाप्रवेश नियमांत किंवा जाहिरातीत तशी तरतूद नाही. तर टिप्पणीत काय लिहाल? नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले आहे की, नियम किंवा जाहिरात परवानगी देत नसतील तर पात्रतेचे निकष प्रक्रियेच्या मध्यावर बदलता येत नाहीत. येथे ज्ञानाइतकेच नकार नोंदवण्याचे धैर्यही तपासले जाते, आणि ते धैर्य नियम नेमका ठाऊक असल्यावरच येते, असा माझा अनुभव आहे.

ऐरोलीकर (वरिष्ठ लिपिक)

मी परीक्षा देणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. शासन निर्णय जवळ ठेवू द्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कार्यालयात कोणीही पाठांतरावर टिप्पणी लिहीत नाही आणि लिहूही नये. योग्य शासन निर्णय शोधणे आणि तो नंतर बदलला गेला आहे का हे पाहणे, हेच तर आमचे काम आहे.

कागदपत्र पडताळणीचा एक प्रश्न मीही सुचवते. उमेदवाराचे पहिले अपत्य २००८ चे आहे आणि २०१२ मध्ये जुळी झाली. हयात अपत्ये तीन. लहान कुटुंबाच्या (म्हणजे दोन अपत्यांपर्यंतच्या) प्रतिज्ञापनाच्या २००५ च्या नियमांनुसार तो अपात्र ठरतो का? घाईत असलेला लिपिक तीन आकडा पाहून अपात्र असा शेरा मारील. वास्तविक एक अपत्य असताना नंतरच्या एकाच प्रसूतीत झालेली मुले एकच धरावीत, असे नियमातच नमूद आहे. पडताळणीच्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेलेली असते, तेव्हा ही तरतूद आठवली नाही तर समोरच्या माणसाची अनेक वर्षांची मेहनत तिथेच संपते.

गुणांबाबत मात्र स्पष्ट लिहिते. ते गोपनीय अहवालात जाणार असतील, तर लोक "मला येत नाही" हे लपवण्याचीच तयारी करतील. शिवाय आमच्यापैकी अनेकांची बदली कर विभागातून किंवा जन्म-मृत्यू नोंदणीतून थेट आस्थापनेवर झाली आहे आणि प्रशिक्षण कोणी दिलेले नाही, हेही चाचणी काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

घोडबंदरकर

तुलनेसाठी एक माहिती देतो. अमेरिकेत संघीय शासनाने उमेदवारांची पारख करण्याचे अधिकार खात्यांकडे सोपवले आहेत, परंतु ते काम करणाऱ्या मनुष्यबळ कर्मचाऱ्यांना प्रमाणपत्र चाचणी उत्तीर्ण व्हावे लागते आणि त्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. आपल्याकडे विभागीय परीक्षा एकदा सुटली की पुन्हा कोणी विचारत नाही, आणि नियम मात्र दरम्यान अनेकदा बदलतात. चाचणी एकदाच न घेता प्रत्येक जाहिरातीपूर्वी घ्यावी, असे मला वाटते.

पाचपाखाडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ५० प्रश्नांचा मसुदा मी बाजूला ठेवला आहे. आता नोंदवहीचे एक पान, दहा जागांची यादी, जुळ्यांचा अर्ज आणि तोंडी सूचनेवरील टिप्पणी अशी चार प्रकरणे, शासन निर्णय जवळ ठेवून, दोन तासांत सोडवायची आहेत. गुण सेवापुस्तकात वा गोपनीय अहवालात नोंदवले जाणार नाहीत, असा लेखी प्रस्ताव सोमवारी उपायुक्तांकडे सादर करीत आहे. ज्याला जे प्रकरण सुटले नाही, ते त्याने ज्याला सुटले त्याच्यासोबत बसून पुन्हा सोडवावे, असेही त्यात लिहिले आहे. बेलापूरकर साहेब, नोंदवहीचे पान तयार झाल्यावर आपण ते एकदा नजरेखालून घालाल का? मी ते घेऊन बेलापूरला येईन.